सौरप्रकल्प आणि शेजाऱ्याचा हक्क

(पुनावळे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



ग्रामीण भागात उभे राहणारे सौरप्रकल्प आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या लोकांच्या शंका, असा विषय आपण मला दिला आहे. पुनावळ्यात बसून या विषयावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. १९९७ साली हे गाव महापालिकेत आले आणि बघता बघता शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. येथे कोणी सौरप्रकल्प उभारावयास येणार नाही. जमिनीचा भावच तो येऊ देणार नाही. तरीही या विषयासाठी ही जागा मला योग्य वाटते. त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण आपल्या सर्वांच्या आठवणीतले आहे. पुनावळ्याच्या वनजमिनीवर कचरा डेपोचे आरक्षण अनेक वर्षे कागदावर होते. २०२३ साली त्या हालचालींनी पुन्हा जोर धरला तेव्हा येथील रहिवासी रस्त्यावर उतरले. दुर्गंधी, भूजल, मुलांचे आरोग्य, झाडांची तोड असे सर्व मुद्दे मांडले गेले. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात हा प्रकल्प रद्द केल्याचे मंत्र्यांनी सांगितले. त्या निदर्शनांत मीही उभा होतो आणि त्याबद्दल मला यत्किंचितही पश्चात्ताप नाही.

दुसरे कारण म्हणजे त्यानंतर काही महिन्यांनी आलेले एक पत्र. माझा एक जुना विद्यार्थी मराठवाड्यातील आपल्या गावी शिक्षक आहे. त्याच्या गावच्या गायरानावर सौरप्रकल्प येऊ घातला होता आणि ज्यांची गुरे व शेळ्या त्या गायरानावर चरतात त्यांनी हरकत घेतली होती. तालुक्याच्या ठिकाणी त्यांना "विकासाच्या आड येणारे" म्हटले गेले. त्याने लिहिले होते, "सर, तुम्ही केलात तो नागरिकांचा लढा आणि आम्ही केला तो अडाण्यांचा अडथळा, हा भेद कोणत्या अर्थशास्त्रात सांगितला आहे?" आजचे भाषण म्हणजे त्या पत्राला उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

प्रारंभीच एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगतो. आपण समाजवादी सौरऊर्जेच्या विरोधात नाही, असूही नये. चंद्रपूर, कोराडी, परळी येथील औष्णिक केंद्रांची राख ज्यांच्या अंगणात पडते त्यांना कोळशाचे गुणगान ऐकवण्यात अर्थ नाही. शेतकऱ्याचे म्हणाल तर, पाळीने रात्री येणाऱ्या विजेसाठी काळोखात पिकाला पाणी द्यावयास जाणे म्हणजे काय, हे ज्याने साप-विंचवाच्या आणि आता बिबट्याच्या भीतीत ते केले आहे तोच जाणतो. दिवसा वीज ही त्याची जुनी आणि न्याय्य मागणी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना प्रथम २०१७ साली आली आणि २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती निघाली. उपकेंद्राच्या जवळपास लहान-मध्यम सौरप्रकल्प उभारावयाचे आणि त्यांची वीज शेतीच्या वाहिन्यांना दिवसा पुरवावयाची, ही तिची कल्पना. डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा जो आग्रह धरला त्याच्याशी हे विसंगत नाही. एका अवाढव्य केंद्रापेक्षा गावोगावी विखुरलेली वीजनिर्मिती लोकशाहीला अधिक जवळची ठरू शकते. "ठरू शकते" असे मी जाणून म्हणतो, कारण आकाराने लहान असलेली वस्तू मालकीनेही लहान असेलच असे नाही.

आता व्याप्ती पाहा. मार्च २०२४ मध्ये या योजनेखाली ९,२०० मेगावॉटची कंत्राटे देण्यात आली. त्यांपैकी पहिल्या पाच प्रकल्पांचे, मिळून १९ मेगावॉटचे, उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. एका मेगावॉटला ढोबळमानाने चार ते पाच एकर जमीन लागते. म्हणजे एवढ्या कंत्राटांनाच चाळीस हजार एकरांच्या आसपास जमीन हवी. ती कोठून येणार? काही खाजगी मालकांकडून भाडेपट्ट्याने आणि बरीचशी सरकारी, म्हणजे पुष्कळ ठिकाणी गायरान. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरसाल तीन टक्के वाढ ठरली आहे. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने दिली जाते.

माझ्या जुन्या व्यवसायास स्मरून थोडे गणित करतो. एक मेगावॉटचा प्रकल्प आपल्या हवामानात वर्षाला सुमारे पंधरा-सोळा लाख युनिट वीज देतो. युनिटला तीन रुपयांच्या आसपास दर धरला तर वर्षाचे उत्पन्न पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस लाख होते. त्यासाठी लागणारी दोन हेक्टर जमीन खाजगी असेल तर मालकाला अडीच लाख, म्हणजे रुपयातले पाच पैसे मिळतात. करार पंचवीस वर्षांचा असतो. विजेचा दर कायम राहिला आणि भाडे वाढत गेले तर अखेरीस हे पाच पैसे दहा होतील. गुंतवणूकदाराला कर्ज फेडावयाचे असते, सौरपट्ट्यांची देखभाल करावयाची असते, हे मान्य करूनच मी हा हिशेब मांडतो. कोरडवाहू जमिनीच्या मालकाला हे भाडे परवडतेही. दुष्काळी भागात हेक्टरी सव्वा लाखाचे निश्चित उत्पन्न देणारे दुसरे पीक मला तरी ठाऊक नाही. त्यामुळे जो जमीन देतो त्याला दोष देण्याचे कारण नाही.

ग्रामपंचायतीला पहिली तीन वर्षे दरसाल पाच लाख रुपये अनुदान मिळते. उरलेल्या बावीस वर्षांसाठी काही नाही. आणि ज्याची चार जनावरे त्या गायरानावर चरत होती, जी बाई तेथून जळण आणीत होती, ज्या मजुराला त्या शेतात खुरपणी-काढणीचे काम मिळत होते, त्यांच्या नावापुढे हिशेबाच्या वहीत काय लिहिले आहे? त्यांच्या नावाचे पानच त्या वहीत नाही. मालक, कंपनी, वितरण यंत्रणा आणि सरकार या चौघांनाच हिशेबात खाते आहे. शेजाऱ्याला ते नाही. आज मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. शेजाऱ्यांच्या शंकांची सर्व कटकट या एका रिकाम्या पानातून निर्माण होते.

"गायरान पडीकच तर आहे," असे अधिकारी म्हणतात. हा शब्द फार घातकी आहे. महसुलाच्या दृष्टीने जी जमीन उत्पन्न देत नाही ती पडीक. गुराख्याच्या दृष्टीने तीच त्याची दूधदुभती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम २२ खाली गुरचरणासाठी जमीन राखून ठेवली जाते, ती काही सरकारच्या विस्मरणाने मोकळी राहिलेली नसते. सार्वजनिक जमिनी गावाच्या सामाईक उपयोगासाठी राखल्या पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ सालच्या जगपाल सिंग खटल्यात बजावले आहे. आणि मराठवाड्यात तर गायरानाला आणखी एक इतिहास आहे. भूमिहीनांनी, विशेषतः दलित कुटुंबांनी, पिढ्यान्‌पिढ्या ती कसली आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांनी केलेले सत्याग्रह याच प्रश्नावर होते. त्या लढ्यांनंतरही ज्यांच्या नावे सातबारा झाला नाही ते कागदोपत्री अतिक्रमकच राहिले. अशा माणसाच्या शेतात सौरपट्ट्यांचा खांब रोवला जातो तेव्हा त्याला भाडे मिळत नाही, नोटीस मिळते.

हे सारे नवीन आहे असे समजू नका. आपण बसलो आहोत तेथून मुळशी फार दूर नाही. १९२१ साली टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी मुळशी पेट्यातील मावळ्यांच्या जमिनी घ्यावयाचे ठरले आणि सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. "जान किंवा जमीन" ही त्याची घोषणा. तेव्हाही युक्तिवाद हाच होता की पाण्याची वीज स्वच्छ आहे, कोळसा वाचेल, मुंबईच्या गिरण्या चालतील, राष्ट्राचा उद्योग वाढेल. त्यांतले काहीही खोटे नव्हते. पण पुष्कळशा जमिनी सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या. मोबदल्यावर तडजोड होताच सावकारांनी लढ्यातून अंग काढून घेतले आणि प्रत्यक्ष कसणारा मावळा उघड्यावर पडला. १९२४ पर्यंत सत्याग्रह ओसरला, धरण पुरे झाले. वीज मुंबईला गेली. मुळशीच्या काठावरील वाड्या-वस्त्या मात्र पुढे कित्येक वर्षे अंधारातच राहिल्या. जमिनीचा मालक आणि जमिनीवर जगणारा या दोन व्यक्ती असतात, हा मुळशीचा धडा आहे. तो आपण शंभर वर्षे विसरत आलो.

विसरण्याची किंमतही आपण पाहिली आहे. धुळे जिल्ह्यातील विखरण गावचे धर्मा पाटील यांची सुमारे पाच एकर जमीन वीजप्रकल्पासाठी संपादित झाली. प्रकल्प आधी औष्णिक म्हणून आखला गेला व पुढे सौर झाला. त्यांना मोबदला मिळाला सुमारे चार लाख. शेजारच्याला आपल्याहून कितीतरी पटीने अधिक मिळाला, हा कसला न्याय, असे विचारीत हा ऐंशी ओलांडलेला शेतकरी कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत राहिला. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचे निधन झाले. त्यांचा विरोध सूर्याला नव्हता आणि विजेलाही नव्हता. आपल्याला कोणत्या हिशेबाने मोजले, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते.

पुनावळ्याच्या रहिवाशाला आणि विखरणच्या शेतकऱ्याला मिळालेल्या उत्तरांतील अंतर लक्षात घ्या. आपल्याकडे मतदारांचे गठ्ठे आहेत, वर्तमानपत्रे आहेत, वकील आहेत, इंग्रजीत अर्ज लिहिणारे अभियंते आहेत. आपल्या वतीने विधानसभेत प्रश्न विचारला जातो. आपली शंका "नागरी समस्या" ठरते. हे अंतर न्यायाचे नाही, ताकदीचे आहे. आणि आपला कचरा तरी नाहीसा झाला काय? तो मोशीला जातो, पूर्वीही जात होता. मोशीकरांना आपण कधी विचारले?

आता शंकांकडे वळू. शेजाऱ्यांची प्रत्येक शंका खरी आहे असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे लोकानुनय होईल. दोन दशकांपूर्वी साताऱ्या-सांगलीकडील पठारांवर पवनचक्क्या आल्या तेव्हा त्यांच्यामुळे ढग पळतात असा समज पसरला होता. आज सौरपट्ट्यांतून अपायकारक किरण निघतात, पाऊस कमी होतो, असे बोलले जाते. याला शास्त्रीय आधार नाही आणि कार्यकर्त्याने गावात तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण अशा अफवा कोठे पिकतात याचाही विचार करा. जेथे मोजणीदार आधी येतो, मग कुंपण येते आणि माहिती शेवटपर्यंत येत नाही, तेथे त्या पिकतात. सौर वीजप्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेतून सूट आहे. धूर नाही, राख नाही, म्हणून ती सूट देण्यात काही तथ्य आहे. परंतु तिच्याबरोबर जनसुनावणीही गेली. ज्या एका दिवशी गावकरी उभा राहून प्रश्न विचारू शकला असता तो दिवसच कायद्याने वगळला.

उरलेल्या शंका मात्र पूर्णपणे व्यवहारातल्या आहेत. तारेच्या कुंपणाने पाणंद बंद झाली तर पलीकडच्या शेतात बैलगाडी कोठून न्यावयाची? उताराच्या जमिनीवरची झाडे-झुडपे काढून ती सपाट केली तर पावसाचे पाणी कोणाच्या बांधावर येणार? पट्ट्या धुण्यास पाणी लागते, ते दुष्काळी गावात कोणत्या विहिरीतून? गवत वाढू नये म्हणून तणनाशक फवारले तर ते ओढ्यात उतरेल काय? पंचवीस वर्षांनंतर निकामी झालेल्या पट्ट्या कोण उचलणार? २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौरपट्ट्यांचा समावेश झाला, हे चांगले झाले. पण नियम दिल्लीत आहे आणि काच गावात राहणार आहे. या प्रश्नांना उत्तरे आहेत. कुंपण दहा फूट आत घेता येते, चर खणता येतात, पट्ट्यांखाली शेळ्या-मेंढ्या चारता येतात. फक्त आराखडा पक्का होण्यापूर्वी कोणीतरी विचारले पाहिजे.

इतरत्र काय घडले? कर्नाटकात पावगड येथे सुमारे तेरा हजार एकरांवर प्रचंड सौर उद्यान उभे राहिले. तेथे जमीन संपादित न करता शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली. एकरी वर्षाला एकवीस हजार रुपये आणि त्यात ठराविक काळाने वाढ. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली, ही जमेची बाजू. परंतु जे भूमिहीन त्या शेतांत मजुरी करीत होते त्यांना भाडे मिळण्याचा प्रश्नच नव्हता. काम गेले आणि कित्येकांना गाव सोडावे लागले. डेन्मार्कने निराळा मार्ग काढला. २००९ पासून सुमारे दहा वर्षे तेथे असा कायदा होता की नव्या पवनचक्कीच्या भांडवलातील किमान वीस टक्के भाग साडेचार किलोमीटरच्या आतील रहिवाशांना देऊ केला पाहिजे. पुढे ती पद्धत बदलून शेजाऱ्यांना वार्षिक लाभांश देण्याची योजना आली. तपशील बदलले, तत्त्व राहिले: शेजारी हा प्रकल्पातील एक पक्ष आहे. अर्थात तेथील शेजाऱ्याजवळ भाग घेण्यापुरती शिल्लक होती. आपल्या शेळीवाल्याजवळ ती नाही, म्हणून आपल्याला तत्त्व घ्यावयाचे आहे, साचा नव्हे.

सहकाराचे काय, असे आपण विचाराल. महाराष्ट्राला हा प्रश्न शोभतो. प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ होता. विजेतही आपण प्रयोग केला होता. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने चार दशके गावोगावी वीज वाटली. २०११ साली थकबाकीच्या ओझ्याखाली तिचा परवाना संपला. त्या अपयशातून शिकावयाचे ते असे की संस्था सभासदांची राहिली पाहिजे, पुढाऱ्यांची नव्हे, आणि हिशेब चोख राहिला पाहिजे. सहकार अशक्य आहे, असा त्याचा अर्थ नाही.

माझ्या मते आपल्या पक्षाने चार मागण्या घेऊन गावात जावे. एक, निविदा निघण्यापूर्वी ग्रामसभेची संमती. ती नकाशा भिंतीवर लावून आणि महिलांची ग्रामसभा आधी घेऊन व्हावी. दोन, गायरान दिले तर त्याचे भाडे खाजगी जमिनीच्या दराने गावाला मिळावे. सामाईक जमीन फुकट आणि खाजगी जमीन मोलाची, हा उलटा न्याय थांबला पाहिजे. तीन, युनिटमागे दहा पैसे शेजार-निधी. पाच मेगावॉटच्या प्रकल्पातून त्याचे वर्षाला साडेसात लाख रुपये होतात आणि तेही तीन वर्षे नव्हे, पंचवीस वर्षे. ही वीज स्वस्त पडते असे सरकारच सांगते. त्या बचतीतून हे पैसे यावेत आणि त्यांवर पहिला हक्क गुराखी, शेतमजूर व गायरान कसणाऱ्या कुटुंबांचा असावा. चार, पंचवीस वर्षांनी जमीन पूर्ववत करून देण्यासाठी कंपनीची अनामत पहिल्याच दिवशी जमा व्हावी.

यावर आक्षेप येतील. यामुळे विलंब होईल, हा पहिला. मी विचारतो, न विचारता केलेली कामे लवकर झाली काय? पवनेच्या जलवाहिनीसाठी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे गोळीबार झाला, तीन शेतकरी मेले आणि ती जलवाहिनी वर्षानुवर्षे रखडली. संमतीला महिने लागतात, बळजबरीला दशके. ग्रामसभा गावातील बड्या घराण्यांच्या मुठीत असते, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भूमिहीनाचा हात तेथे सहजी वर जात नाही, हे खरे आहे. पण म्हणूनच तर कार्यकर्ता हवा. ज्या वस्तीतून ग्रामसभेला कोणी जात नाही तेथे आदल्या रात्री बसून गणित समजावणे, हेच आपले काम आहे. ते आपण सोडले तर कायद्याच्या पोटी कितीही कलमे घातली तरी ती कोरडीच राहतील.

आणि एक काम येथले आहे. चाकण-पिंपरीचे मोठे वीजग्राहक खुल्या प्रवेशाच्या सवलतीने दूरच्या जिल्ह्यातील सौरवीज विकत घेऊ शकतात. २०२२ च्या नियमांनी ही मुभा शंभर किलोवॉट वा त्याहून अधिक भार असलेल्या ग्राहकालाही दिली आहे. म्हणजे आपल्या यंत्रासाठी लागणारी जमीन सोलापूर वा धुळ्याची आणि आपल्या छपरांवर मात्र नुसते ऊन. पुनावळ्याच्या इमारतींच्या गच्च्या आणि चाकणच्या कारखान्यांची पत्र्याची छपरे आधी वापरा, मग गायरानाकडे बोट दाखवा. गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे अठरा हजार रुपये केंद्रीय अनुदान २०२४ च्या योजनेत आहे. डेपोविरोधात ज्या संस्थांनी पत्रके काढली त्यांनीच आता गच्चीवरील सौरवीजेचा ठराव करावा, असे मी सुचवितो. छपरे सारी गरज भागविणार नाहीत, हे मी जाणतो. पण जो स्वतःच्या छपरापासून सुरुवात करतो त्यालाच दुसऱ्याच्या कुरणाबद्दल बोलण्याचा अधिकार पोहोचतो.

त्या विद्यार्थ्याला मी काय लिहिले, एवढे सांगून थांबतो. मी लिहिले की असा भेद कोणत्याही अर्थशास्त्रात नाही; तो आम्हा शहरवाल्यांच्या सोयीत आहे. गावातील लोकांना प्रकल्प नको म्हणावयास सांगू नकोस, तसेच मुकाट्याने हो म्हणावयासही सांगू नकोस. त्या गायरानावर कोणाची किती जनावरे चरतात, कोण किती वर्षे कसते, कोणती वाट कोठे जाते, याची यादी कर आणि ती ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घे. ज्याची नोंद आहे त्याला हिशेबातून वगळणे अवघड जाते. ती यादी करावयास हात कमी पडत असतील तर आमच्यापैकी दोघे-चौघे येतील, असेही मी त्याला कळविले आहे. आपणांस न विचारता कळविले, याबद्दल क्षमा असावी. कोण येणार, ते आज येथेच ठरवू या.